माझ्या नावाचा लिलाव बंद करण्याबाबत

मी, खाली सही करणारी, सायकलच्या दुकानाची मालकीण, पूर्ण शुद्धीवर, कुणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवते. डोकं शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी आज सकाळीच दिला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांना कुणी विचारलं नाही, ते बरंच झालं. माझं आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी सगळं यजमानांना दिलं होतं आणि तेच आधी निघून गेले.

१. दुकानाची जागा, तिच्यावरच्या दोन खोल्या आणि गच्ची थोरला मुलगा व धाकटी मुलगी यांना निम्मी निम्मी. विकायची झाल्यास दोघांच्याही सह्या लागतील. खिडकीजवळची खुर्ची मात्र धाकटीची. थोरला तीत बसला की ती कुरकुरते, मग तोही कुरकुरतो.

२. बँकेतल्या ठेवींतून आधी माझं औषधपाणी आणि शेवटचा खर्च भागवावा. उरेल ते दोघांत सारखं.

३. चाक सरळ करायचा स्टँड, स्पोकच्या किल्ल्या आणि पान्यांचा डबा धाकटीला. हवेचा कॉम्प्रेसर थोरल्याला. वडील गेल्यावर दोघांचं बिनसलं. त्याला बॅटरीच्या नव्या सायकली विकायच्या होत्या, तिला जुन्या दुरुस्त करायच्या होत्या. दोन्ही धंदे एका छताखाली सुखाने नांदले असते, पण दोघंही हट्टाला पेटली आणि दुकानाच्या मधोमध प्लायवूडची फळी उभी राहिली. तेव्हापासून त्यांच्यात अबोला आहे. निरोप माझ्यामार्फत जातात आणि मी आता थकले.

४. आता मुद्द्याचं. यजमानांनी दुकानाला माझं नाव दिलं होतं. फळीच्या दोन्ही बाजूंना तीच पाटी आहे आणि खाली दोघांनीही ‘मूळ दुकान’ असं रंगवून घेतलंय. दुकान शोधायला कुणी फोनवर माझं नाव टाइप केलं की सगळ्यात वर जाहिरात येते. कुणाची यायची, याचा तिथे लिलाव होतो. थोरल्याने बोली लावली म्हणून धाकटीने वाढवली, तिने वाढवली म्हणून त्याने. तिसरं कुणीच त्यात नाही. कोण असणार? माझं नाव हवं असलेली जगात ही दोनच माणसं.

बरं, जो माझं नाव टाइप करतो तो घरातून निघालेलाच असतो. गल्ल्यावर बसून मी येईल त्याला विचारते, “कसं येणं केलंत?” तो सांगतो, “नाव टाकलं, पहिलं दिसलं त्यावर दाबलं.” जाहिरात नसती तरी हा आलाच असता. म्हणजे आमच्याच पायरीवर उभं राहून कुणीतरी आमचंच गिऱ्हाईक आत ढकलतं आणि दर दाबण्यामागे दलाली आमच्याकडून घेतं. जाहिराती दाखवणाऱ्या त्या कंपनीला मी दोष देत नाही. भांडणारी भावंडं आयती मिळाल्यावर कोण सोडेल?

एकदा त्या कंपनीतल्या एका मुलीचा फोन आला होता.

“मॅडम, तुमच्या नावाला फार स्पर्धा आहे. बोली वाढवावी लागेल.”

“स्पर्धा कुणाची, ते माहीत आहे का?”

“ते आम्हाला सांगता येत नाही.”

“मग मी सांगते. माझ्याच पोटची आहे.”

ती बिचारी म्हणाली, “बरं, मग वाढवू का?”

हे मी हसत लिहिते आहे, पण मला वाईट वाटतं. ज्या आईचं नाव सांगून यांना जेवायला बोलावलं जायचं, “जा, आई बोलावते आहे,” त्याच आईच्या नावावर ही दोघं एकमेकांना पाडायला बसली आहेत.

५. माझा भाचा दोघांच्याही जाहिराती सांभाळतो आणि होणाऱ्या खर्चावर टक्का घेतो. मी त्याला विचारलं, “अरे, दोघांकडूनही?” तर म्हणतो कसा, “मावशी, दोघांची स्ट्रॅटेजी वेगळी असते.” त्याला या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही. त्याने त्याचा वाटा हप्त्याहप्त्याने उचललेला आहे. अगदीच हिरमुसला तर एक घंटी द्यावी, साधी, पितळी नको.

६. दुकानाचा परवाना अजून माझ्या नावावर आहे, म्हणून जाहिरातींची दोन्ही खाती आज बंद करून एकच उघडलं आहे. त्याचा पासवर्ड धाकटीकडे. आत शिरताना लागणारा कोड येईल थोरल्याच्या फोनवर. हा कोड मिनिटभरही टिकत नाही. धाकटीने तो फोन करून, तोंडाने मागायचा. भाच्यामार्फत चालणार नाही. माझ्या नावावर बोली लावायची नाही. जाहिरात करायची ती ज्याला आपलं दुकान ठाऊकच नाही त्याच्यासाठी: पंक्चर झालेल्यासाठी, पहिली सायकल घेणाऱ्यासाठी. हे मान्य नसेल तर दोघांनीही माझं नाव उतरवावं आणि आपापलं लावावं.

७. ही व्यवस्था चालते की नाही, हे सही करण्यापूर्वी साक्षीदारांसमोर पाहिलं. धाकटीने माझ्याशेजारी उभं राहून फोन लावला. तो फळीपलीकडे वाजला, बराच वाजला.

“दादा, कोड सांग.”

“कोण बोलतंय?”

“किती जणी दादा म्हणतात रे तुला?”

त्याने आकडे सांगितले. हिने घाईत चुकीचे दाबले. “गेला. दुसरा आला असेल बघ.”

“आलाय.” पण आकड्यांऐवजी त्याने विचारलं, “जेवलीस का तू?”

“नाही अजून,” ही म्हणाली. “तू?”

तोही कोड गेला. तिसरा कुणी मागितलेला नाही आणि दोघं अजून बोलताहेत. साक्षीला आलेले शिंपीदादा आपलं दुकान उघडं टाकून आले आहेत, त्यांना आणखी थांबवता येत नाही. सबब खात्यात न शिरताच चाचणी यशस्वी धरून सह्या करत आहोत.

लिहून देणार: सही (पाटीवर आहे तेच नाव)

साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई, सही. २. समोरचे शिंपीदादा, सही.

ठिकाण: दुकानाचा गल्ला.

दिनांक: दाखल्यावरचाच.