‘ओढ’ की ‘सोड’: कड्याखालच्या आवाजाची नोंद होण्याबाबत

प्रति,
मा. उपसंचालक साहेब,
शिबिरस्थळे व गिर्यारोहण विभाग,
दुसरा मजला, खिडकी क्रमांक चार मार्फत.

विषय: कड्याखालील तंबूतळावरचा आवाज, फाटक व दर यांबाबत, आणि मुख्यतः, निकाली काढलेल्या अपघात प्रकरणात आवाजाची नोंद घेण्याबाबत.

संदर्भ: १) अर्जदाराचे यापूर्वीचे पाच अर्ज. २) पाचही अर्जांना मिळून आलेले आपले एका ओळीचे उत्तर.

महोदय,

अर्जदाराचे तंबूतळाच्या फाटकासमोर तंबू दुरुस्तीचे दुकान आहे. फाटके कापड, गेलेली चेन, तुटलेले बंद, जे येईल ते तो शिवून देतो. तळावर येणाऱ्या लोकांवरच त्याचे पोट चालते, हे तो आधीच कबूल करतो, कारण मागच्या खेपेस खिडकी क्रमांक चारवरील कारकुनांनी "खाल्ल्या घरचे वासे मोजू नका" असा शेरा मारला होता. शेरा तोंडी असल्याने त्याची प्रत जोडता येत नाही.

१. अर्जदाराची थोरली मुलगी कड्यावरचे गंजलेले खिळे काढून नवे ठोकण्याचे काम करते. या खिळ्यांत दोर अडकवूनच बाकीचे लोक चढतात. ती वर असताना तिचा दोर खालून अर्जदार धरतो. असे गेली नऊ वर्षे चालू आहे. उंचीवरून एकमेकांचे तोंड दिसत नाही, त्यामुळे बापलेकींत दोनच शब्द ठरलेले आहेत. ‘ओढ’ म्हणजे दोर ताणून धर, मी भार टाकते आहे. ‘सोड’ म्हणजे दोर सैल कर. हे शब्द ती सात वर्षांची असताना झोपाळ्यावर ठरले होते आणि ते बदलावेत असे कोणास कधी वाटले नाही. पूर्वी कड्याखाली मोकळे माळरान व एक नळ होता. शिंकले तरी वर ऐकू जाई.

२. तीन वर्षांपूर्वी माळ ठेक्याने दिला गेला. आता तेथे एकशे वीस जागा, दोन जनरेटर आणि चार भोंगे आहेत. भोंग्यावरून दिवसभर "एकोणीस नंबर, गाडी काढा", "गरम पाणी संपले आहे", "गरम पाणी आले आहे" असे सांगितले जाते, मध्ये गाणी लागतात. त्यात गाद्यांत हवा भरण्याचे पंप. शांतता हवी असणाऱ्यांसाठी ‘शांत विभाग’ आहे व त्याचा दर तिप्पट आहे. अर्जदाराने तेथे जाऊन पाहिले. तोच आवाज आहे, फक्त झाडाखाली आहे.

३. गेल्या महिन्याच्या सहा तारखेस, दुपारी चारच्या सुमारास, मुलगी कड्याच्या पुढे आलेल्या छताखाली काम करत होती. तिने हाक दिली. त्याच वेळी भोंग्यावर कोणाची तरी हरवलेली चप्पल पुकारली जात होती. अर्जदारास ‘सोड’ ऐकू आले. अर्जदाराने दोर सैल केला. मुलीने भार टाकला आणि ती खालच्या कपारीवर आदळली. खुबा व डावा घोटा मोडला.

४. तिला उचलून न्यायची वाट तळातूनच जाते. फाटक टोकनाशिवाय उघडत नाही व टोकन आदल्या दिवशी मोबाइलवर घ्यावे लागते. पहारेकऱ्याने विचारले, "स्ट्रेचरचं बुकिंग आहे का?" तो माणूस वाईट नाही. विचारून झाल्यावर त्याने स्वतःच तोंडावर हात मारून घेतला. शेवटी स्ट्रेचर आडव्या दांड्यावरून हातोहात पलीकडे दिले. यात वीस मिनिटे गेली. मुलगी ओरडली नाही. अर्जदार ओरडत होता, ते कोणास ऐकू आले नाही.

५. अर्जदाराने तळाच्या कचेरीत तक्रार दिली. तक्रार फक्त मुक्कामी असलेल्यांचीच घेतात, असे कळले. म्हणून अर्जदाराने आपल्या घरापासून साठ पावलांवर एका रात्रीचा मुक्काम घेतला, स्वतः दुरुस्त केलेल्या तंबूत झोपला आणि सकाळी तक्रार दिली. तीवर "तक्रारदार स्वतः गर्दीचा भाग आहे" असा शेरा पडला. मुक्कामाची पावती सोबत जोडली आहे.

६. नंतर आपल्या विभागाचे निरीक्षक आवाज मोजण्याचे यंत्र घेऊन आले. ते मंगळवारी सकाळी आले. मंगळवारी तळ बंद असतो. यंत्रात पक्षी आले, वारा आला, आणि सर्वांत मोठा आवाज अर्जदाराच्या शिलाई मशीनचा आला. त्याबद्दल अर्जदारास नोटीस मिळाली आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते अर्जदाराने नुसते ऐकले होते. मशीनच्या पायाखाली त्याने जुनी सतरंजी घातली आहे, हे आपल्या माहितीसाठी.

७. आता मुख्य मुद्दा. आपल्या चौकशी अहवालात असे लिहिले आहे: "चढणाऱ्या व्यक्तीच्याच सूचनेवरून दोर सोडण्यात आला. आवाजाचा संबंध नाही. प्रकरण निकाली." याला आधार मुलीच्या जबाबाचा आहे. तिने दवाखान्यात पडल्या पडल्या सांगितले की मीच ‘सोड’ म्हटले होते. घरीही तेच सांगते. "बाबा, मीच म्हटलं तसं. विषय संपला," असे म्हणून भिंतीकडे तोंड करते.

महोदय, हे खोटे आहे. छताखाली लोंबकळणारे माणूस ‘सोड’ म्हणत नाही. तेथे सोडण्यासारखे काही नसतेच. तिने ‘ओढ’च म्हटले असणार. ते अर्जदारास त्याच क्षणी कळायला हवे होते, कळले नाही, आणि ही बोच त्याला जेवू देत नाही. मुलगी बापाला वाचवण्यासाठी खोटे बोलली आणि आपल्या कार्यालयाने त्यावर शिक्का मारला. ती खरे बोलली असती तर अहवालात बापाची चूक लिहिली गेली असती. भोंग्याचे नाव दोन्हीकडे नाही. म्हणजे अर्जदाराने करायचे काय? लेकीला खोटे पाडायचे, की आयुष्यभर तिच्या खोट्याच्या उपकारात राहायचे?

अर्जदाराच्या पत्नीचे म्हणणे असे की, "पोरगी जिवंत आहे ना? मग पालथ्या घड्यावर पाणी कशाला ओतत बसलाय?" त्या बाईंचे बरोबर आहे. परंतु मुलीने काल कुबड्या घेऊन चालून पाहिले आणि बोलता बोलता विचारले की पुढच्या हंगामात दोर धरायला गिर्यारोहकांच्या संघटनेतला कोणी मिळेल का. तिने सहज विचारले. बापाकडे न बघता विचारले. हा अर्ज त्यामुळे लिहावा लागत आहे.

८. तरी अर्जदाराची मागणी अशी. दर कमी झाले नाहीत तरी चालेल. फाटकाचे आपण व ठेकेदार बघून घ्या, फक्त आडव्या माणसाला टोकन मागू नका. परंतु त्या दिवशी तेथे आवाज होता व त्या आवाजात ‘ओढ’ हा शब्द ‘सोड’ असा ऐकू येऊ शकतो, एवढे एक वाक्य अहवालात घालावे. ते वाक्य शिक्क्यासह मिळाले तर अर्जदार ते मुलीच्या उशाशी ठेवील, म्हणजे तिला यापुढे खोटे बोलावे लागणार नाही.

हे मान्य होण्यास पुरावा लागेल, असे खिडकी क्रमांक चारवर सांगण्यात आले. यंत्राला शब्द कळत नाहीत, तेव्हा माणूसच लागेल. म्हणून विनंती की आपण किंवा आपण नेमाल त्या अधिकाऱ्याने येत्या शनिवारी दुपारी चार वाजता, तळ भरलेला असताना, अर्जदार जेथे उभा होता तेथे उभे राहावे. वर अर्जदार स्वतः जाईल. त्याचे वय एकसष्ट आहे व तो आजवर कधी चढलेला नाही, परंतु त्यास दुसरा इलाज दिसत नाही. छताखाली पोचल्यावर तो दोहोंपैकी एक शब्द म्हणेल. दोर आपल्या हाती असेल. आपणास जे ऐकू येईल तसे करावे आणि मग अहवाल लिहावा.

उत्तराची वाट पाहणारा, आपल्या सवडीवर अवलंबून असलेला,

(सही)
तंबू शिवणारा,
फाटकासमोरचे दुकान.
दिनांक: चौदा, गुरुवार

सोबत:
१) एका रात्रीच्या मुक्कामाची पावती.
२) शिलाई मशीनच्या आवाजाबद्दलची नोटीस.
३) दवाखान्याचा दाखला.
४) शनिवारी ऐकण्यात चूक झाल्यास दोर धरणाऱ्यास कोणीही दोष देऊ नये, असे अर्जदाराने स्वहस्ते लिहून दिलेले पत्र.