पाचव्या गाण्यावरची फुली

मास्तर,

तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली आणि मी आज पत्र लिहायला बसलोय, यावर तुम्ही काय म्हणाला असता ते मला ठाऊक आहे. "तालमीलाही असाच यायचास." असो. कारण एका गाण्याचं आहे. मी एकट्याच्या नावावर आठ गाण्यांची एक सीडी काढली, त्यातल्या पाचव्या गाण्याचं. चर्चच्या नव्या गीतपुस्तकात ते घ्यायचं ठरलंय. त्यांनी एक कागद पाठवलाय, त्यात रकाना आहे: कवीचं नाव. येत्या रविवारपर्यंत तो भरून द्यायचा होता. सीडीच्या कव्हरवर बाकी सात गाण्यांपुढे माझं नाव आहे आणि पाचव्यापुढे मी 'पारंपरिक' असं छापून घेतलं होतं. ते पारंपरिक नाही, तुमचं आहे. तुम्ही स्वतःच्या हातानं ज्यावर फुली मारली होतीत, ते.

तुम्ही गेल्यावर आमचा बँड बरीच वर्षं चालला. दोन गिटार, ड्रम, कीबोर्ड आणि एक गाणारा, म्हणजे मी. नाताळ, लग्नं, तलासरी-डहाणूकडची युवा संमेलनं. रॉक वाजवायचो, पण शब्द येशूचे. तुम्ही असता तर कानात बोटं घातली असतीत. मग एकेक जण वापीला नोकरीला लागला, एकाला सिल्वासात घर मिळालं, आणि राहिलो मी आणि माझा ॲम्प्लिफायर. मी अच्छाडला हायवेवरच्या वजनकाट्यावर बसतो. ट्रक काट्यावर चढतो, मी वजन बघतो, पावती फाडतो. दिवसभर तेवढंच. त्या केबिनमध्ये बसून मी दीड वर्षात सात गाणी लिहिली आणि २०१५ च्या नाताळाआधी डहाणूत एका दुकानावरच्या खोलीत रेकॉर्ड केली. भिंतींना गाद्या ठोकल्या होत्या आणि खाली भजी तळायचे, त्यामुळे प्रत्येक गाणं गाताना भूक लागायची.

सीडी आली आणि मी तुमची पद्धत काढली. रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, संपल्यावर तुम्ही बाहेरच्या आंब्याखाली उभे राहायचात, कानावर पेन्सिल, हातात ती निळी वही. नवं गाणं झालं असेल तर तीन माणसांना थांबवायचात. 'कसं वाटलं' असं कधी विचारायचं नाही, कारण त्यावर सगळे 'मस्त' म्हणतात आणि जेवायला जातात. विचारायचं ते एवढंच: "कुठली ओळ आठवते?" ओळ जशीच्या तशी यायला हवी, नुसती चाल गुणगुणलेली चालायची नाही. घरचं माणूस धरायचं नाही. तिघांतल्या दोघांना काही आठवलं नाही की पानावर फुली, आणि ते गाणं पुन्हा चर्चमध्ये उभं राहायचं नाही. तुमचं असो की आणखी कुणाचं.

मी तिघांवर थांबलो नाही. सापडेल त्याला विचारत सुटलो. फादर म्हणाले, तरुणांना आवडेल. म्हणजे त्यांनी ऐकली नव्हती. गंजाडची मावशी तिसऱ्या गाण्यापर्यंत हात जोडून बसली आणि मग म्हणाली, "देवाला एवढा वरडून कशाला सांगाचा रं? तो काय बहिरा हाय?" ड्रमवाल्या मित्रानं वापीहून फोन केला. त्याचं म्हणणं गिटार कडक झालीय, ड्रम मात्र मशीनचे आहेत हे लगेच कळतं. ओळ विचारली तर म्हणाला, "शब्द कुठे ऐकू येतात तुझे!" बोर्डीला एका शाळेच्या कार्यक्रमात वाजवलं, तिथल्या एका शिक्षिकेनं सीडी घरी नेली आणि पुढच्या आठवड्यात फोनवर फार नम्रपणे विचारलं, "आवाज छान आहे तुमचा. पण सगळ्या गाण्यांत तुम्ही रागावल्यासारखे का वाटता? पाचवं सोडून." मी म्हटलं, रॉक असंच असतं. फोन ठेवल्यावर बराच वेळ मला तिचाच राग येत होता. मग तिचं म्हणणं खरं आहे हे लक्षात आलं आणि राग आणखी वाढला.

खरी मतं मला तलासरी नाक्यावर मिळाली. तिथे माझ्या ओळखीच्या एकाचं मोबाइलचं दुकान होतं. नेट तेव्हा महाग होतं, लोक मेमरी कार्ड घेऊन यायचे आणि तो त्यात गाणी भरून द्यायचा. माझी आठही त्यानं आपणहून कितीतरी कार्डांत टाकली, ख्रिस्ती असो नसो. दोन-तीन महिन्यांनी लोक कार्ड भरलं म्हणून परत आले की जुनं काढून नवं टाकायचं. एकदा तो मला म्हणाला, "भरताना कळत नाही रे कुणाला काय आवडतं. काढताना कळतं." मी विचारलं, माझं काय काढतात? तो जरा घुटमळला. "सात काढतात," म्हणाला. "कडीवालं ठेवतात."

कडीवालं म्हणजे तुमचं. 'उशीर झालाच तर देवा, कडी लावू नको.' सहा महिन्यांत मी ज्या ज्या माणसाला ओळ विचारली, त्यातल्या ज्याला काही म्हणून आठवलं त्याला हीच आठवली. बोर्डीच्या वाडीत चिकू उतरवणारी एक बाई मला म्हणाली, मी आमच्या देवीला हेच सांगते, फक्त मला असं जुळवून सांगता येत नव्हतं. काट्यावर एक भरूचकडचा ड्रायव्हर यायचा. पावतीची वाट बघत खिडकीशी उभा असताना माझ्या केबिनमध्ये गाणी लागलेली असायची. एके दिवशी त्यानं पेनड्राइव्ह पुढे केला, "पेलुं कडीवाळुं गीत आपो ने. बीजां नथी जोईतां." कडीवालं तेवढं द्या, बाकीची नकोत. मी हसत भरून दिलं. बायकोला दुसऱ्या गाण्यातली एक ओळ आठवायची, पण घरचं माणूस तुम्हीच बाद केलंय. तुमच्या नियमानं माझ्या सातही गाण्यांवर फुली पडते. मी माझ्या वहीत मारल्याही. नंतर कितीतरी दिवस मी गिटार काढली नाही.

फुलीची मला सवय नव्हती असं नाही. सोळा वर्षांचा असताना मी वादळावर एक गाणं लिहिलं होतं, नऊ कडवी, त्यात विजाच विजा. तुम्ही ते पूर्ण बसवून घेतलंत, पेटीवर स्वतः साथ केलीत, आणि मग आंब्याखाली तिघांना थांबवलंत. तिघांनाही एक ओळ सांगता आली नाही. मी शेजारीच उभा. तुम्ही माझ्यादेखत फुली मारलीत. मी वहीचं पान ओढायला गेलो तेव्हा तुम्ही माझं मनगट धरलंत. "रडायचं तर रड. पान फाडायचं नाही. फुलीसकट ठेवायचं." त्यानंतर मी दोन महिने शेवटच्या बाकावर बसलो आणि तोंड उघडलं नाही. मला वाटायचं, हा माणूस स्वतःच्या गाण्याला असं करून दाखवील का.

तुम्ही करून दाखवलंत. ते कडीवालं गाणं तुम्ही स्वयंपाकघरात रचलं होतंत, मला माहीत आहे. तुमच्या घरात पेटी तिथेच असायची, कारण बाहेरच्या खोलीत वाळवी. काकी चुलीवर भाकरी थापतायत, तुम्ही पाटावर बसून एका हातानं भाता मारताय, मध्येच तांदळातले खडे काढताय आणि पुन्हा पेटीकडे वळताय, असं ते घर मला अजून दिसतं. त्या रविवारी तुम्ही ते एकट्यानं गायलंत. मग आंब्याखाली आलात. घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलंत, तो म्हणाला नाही आठवत. पाड्यावरच्या एका आजीला विचारलंत, तिनं कडीची ओळ बरोबर सांगितली. एक हो, एक नाही. आणि मग तुम्ही मला हाक मारलीत. "काय रे, तुला आठवते एखादी?" मी म्हटलं, नाही. तुम्ही कानावरची पेन्सिल काढलीत, फुली मारलीत आणि वही खिशात ठेवून दिलीत.

पुढच्या रविवारी तुम्ही मला एक पाकीट दिलंत. बसनं वलसाडला जाऊन गिटारच्या तारा आणल्या होत्यात, तुम्ही, ज्यांना गिटार म्हणजे चर्चमध्ये शिरलेली बकरी वाटायची. म्हणालात, "तुझ्यावर फुली, माझ्यावर फुली. आता आपण दोघं सारखे. लाग कामाला." मी पाकीट उघडलं तर आत नायलॉनच्या. माझी गिटार लोखंडी तारांची. दुकानदारानं विचारलं असणार कुठल्या, आणि तुम्ही म्हणाला असणार, चांगल्या. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "मास्तर, हे डहाणूच्या कोळ्यांना द्या, मासे धरायला." सगळे हसले. तुम्हीही हसलात. मी पाकीट घरी नेलं आणि पत्र्याच्या पेटीत टाकून दिलं.

ते पाकीट रेकॉर्डिंगच्या वेळी सापडलं. सात गाणी झाली होती आणि स्टुडिओवाला म्हणत होता, सगळाच दणदणाट आहे, एखादं शांत दे. त्याच्याकडे नायलॉनच्या तारांची एक जुनी गिटार होती, दोन तारा तुटलेल्या. मी तुमचं पाकीट नेलं, सहाही तारा चढवल्या, सूर लावला, आणि बोटं आपोआप तुमच्या गाण्यावर गेली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, तिन्ही कडवी. एकदाच गायलो. ना ड्रम, ना काही. म्हणून शब्द ऐकू येतात, असं मी कितीतरी दिवस स्वतःला समजावत होतो. पण शांत तर पुष्कळ गाणी असतात.

'पारंपरिक' का छापलं, ते सांगतो. माझं नाव घालवेना, तेवढी लाज होती. तुमचं घालावं तर काकी विचारतील, इतर विचारतील, हे गाणं तर मास्तरांनी बाद केलं होतं, एकदाच गायलं गेलं होतं, मग ह्याच्याकडे कुठून आलं. दोन्हीकडून सुटका म्हणून तो शब्द. छापखान्यातल्या माणसानं तर कौतुक केलं, जुनं जपताय म्हणून.

आता हा गीतपुस्तकाचा कागद आला, तेव्हा मी गेल्या रविवारी काकींकडे गेलो. त्या आता मुलीकडे राहतात, नजर कमी झालीय पण चहा स्वतःच करतात. मी फोनवर गाणं लावलं. त्या ऐकत उभ्या राहिल्या, गाळणी हातात तशीच. संपल्यावर म्हणाल्या, "हे त्यांचं आहे." मी म्हटलं, हो, पुस्तकात घेतायत, मास्तरांचं नाव द्यायचंय, तुम्हाला विचारायला आलोय. त्यांनी आत जाऊन निळी वही आणली. पान त्यांनी अंदाजानं उघडलं, पण बरोबर उघडलं. तिन्ही कडवी, वर फुली, खाली तीन नावं. माझ्या नावापुढे तुम्ही 'नाही' लिहिलंय, आजीच्या 'हो' इतक्याच नीटस अक्षरात. मी पुढची पानं उलटली. पुढे दुसऱ्यांची गाणी आहेत, पोरांची, सिस्टरांची. तुमचं एकही नाही.

"त्यानंतर स्वतःचं केलं नाही त्यांनी," काकी म्हणाल्या. "मी म्हटलं होतं, एखादं करा की. तर म्हणायचे, माणसांना आठवत नाही ते देवाला कशाला ऐकवायचं." मग त्यांनी चहा पुढे ठेवला, आणि अगदी सहज, काही मनात नसताना विचारलं, "पण मग तुला कसं रे आठवलं, एवढ्या वर्षांनी?"

मी चहा पीत राहिलो. त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही. त्यांनी वही पुसून परत आत नेऊन ठेवली.

रकान्यात मी तुमचं नाव लिहिलंय, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. कागद काल दिला. पुस्तक आलं की पहिली प्रत काकींना नेऊन देईन, त्या बोटानं चाचपून बघतील. लोक ते गातील आणि तुमचं नाव वाचतील, तुमच्या बाजूचा हिशेब एवढ्यानं सरळ झाला असं वाटेल. झालेला नाही. हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, काकींनाही नाही. त्यांना सांगायचं तर त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहून सांगावं लागेल, आणि त्यांना आता नीट दिसत नाही याचा मला आधार वाटतो, इतका मी भित्रा आहे. तारांचं रिकामं पाकीट आहे माझ्याकडे, त्यात हे मावेल.

तुम्ही विचारलंत तेव्हा मला आठवत होतं, मास्तर. एक ओळ नाही, सगळं. 'नाही' म्हटलं आणि पाड्यावर घरी पोचेपर्यंत वाटेत तीनदा म्हटलं मी ते.