खालच्या ओळी आणि माझं 'हं'

चि. सौ. धाकटीस,

थोरलीचा पोटभर आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते, पण ठीक काही नाही, आणि तरी मी फार खुशीत आहे, ते कसं ते पुढे वाचशीलच. तुझा गुडघा काय म्हणतो? जिना चढू नकोस (चढशीलच). तुझ्या ह्यांचा खोकला बसला का? त्यांनी खिडकीत बसून पेपर वाचायचं सोडलं तर तो बसेल, पण पुरुषांना सांगणार कोण. अक्षर मोठं काढलंय, कारण चौथीनंतर माझी आणि शाळेची गाठ पडली नाही हे तुला ठाऊकच आहे, तूही माझ्याच पाठोपाठ बाहेर पडलीस. तेव्हा एका पानावर मावेल तेवढं मावेल, उरलेलं मागच्या बाजूला.

आधी सूनबाईचं काम सांगते, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. ती घरी बसून टीव्हीच्या मालिकांना खालच्या ओळी लिहिते. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. बोललेलं तर लिहायचंच, पण जे बोललेलं नाही आणि नुसतं वाजतं, तेही कंसात लिहायचं. (दार आपटतं.) (लांब कुत्रं भुंकतं.) (सासू दात खाते.) दात खाल्ल्याचा आवाज होतो का, यावरून आमची एकदा चांगली जुंपली होती (मी दात खाऊन दाखवले, ती हरली). माझं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा ऑफिस सोडून हिने माझं सगळं केलं, न्हाऊमाखू घालण्यापासून, आणि लेक तर कामाच्या गावी. मी चालायला लागेपर्यंत तिची जागा दुसऱ्याने धरली. मग कुठे कुठे अर्ज करून हे काम मिळालं, आणि मिळाल्यापासून पोरगी पुन्हा गुणगुणायला लागली. म्हणून हे काम जाता कामा नये, धाकटे, बाकी काही गेलं तरी चालेल.

आता त्या कामात माझाही हात आहे. ओळ पडद्यावर किती वेळ ठेवायची हे ठरवायला तिला सावकाश वाचणारं माणूस लागतं, आणि माझ्याहून सावकाश वाचणारं माणूस या गल्लीत तरी नाही. भाग ती बाहेरच्या खोलीत मोठ्या टीव्हीवर लावते, मी समोर बसते, ओळ वाचून झाली की 'हं' म्हणते. आतल्या खोलीत कॉम्प्युटरपाशी ती कान लावून असते. माझ्या 'हं'च्या आधी ओळ पळाली तर तिचा वेळ वाढवते. कंपनीने मात्र लिहून घेतलंय की भाग टीव्हीवर लागायच्या आधी घरातल्या कुणीही पाहायचा नाही. पण मी घरातली कुठे, मी तर मोजपट्टी, असं आम्ही दोघींनी धरून चाललं होतं.

तर आमच्या वरच्या मजल्यावर एक पाळणाघरवाली राहते. माझ्यापेक्षा लहान, पण गप्पांना माझ्या तोडीची. तिचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि डॉक्टरांनी पुढे बरेच दिवस टीव्हीकडे बघायचं नाही असं बजावलं. आणि नेमका त्याच आठवड्यात आमच्या मालिकेचा शेवटचा भाग! माझ्या खुब्याच्याही आधीपासून चाललेली मालिका गं. नायिकेचा नवरा बोटीतून पडला तो मेला की जगला, या एका प्रश्नावर ती बाई लोकांची पोरं झोपवत इतकी वर्षं थांबलेली. माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मला राहवेना. सूनबाईने शेवटचा भाग माझ्या 'हं'साठी लावला, तेव्हा मी फोन पाण्याच्या जगाला टेकवून ठेवला आणि सगळा भाग फोनमध्ये भरून घेतला. सुरुवातीला एक भली मोठी पाटी येते, हे चोरून भरून घेणं गुन्हा आहे, तुरुंग आहे वगैरे. ती इतक्या घाईने जाते की माझी पहिली ओळसुद्धा वाचून होईना. 'एवढं लांबलचक काय लिहिलंय कोण जाणे, चांगलंच असेल,' असं मी म्हटलं, आणि तेही फोनमध्ये गेलं.

पाळणाघरवालीला मी स्पष्ट सांगितलं, पाहून झालं की परत पाठव. तिने शब्द पाळला, दुसऱ्या दिवशी सकाळी परत आलं. मी निश्चिंत. वस्तू परत आली म्हणजे तिच्याकडे उरली नाही, हा माझा हिशेब. आता सूनबाई म्हणते की फाइल परत केली तरी देणाऱ्याकडे राहतेच, आणि घेणाऱ्याकडेही येते, म्हणजे दोघींकडे होते (हे कसलं परत करणं, मला अजून पटलेलं नाही). मधल्या वेळात पाळणाघरवालीने ते मुलांच्या आयांच्या ग्रुपवर टाकलेलं, त्यांनाही परत पाठवायला सांगून. सगळ्यांनी परत पाठवलं गं! एकीनेही ठेवून घेतलं नाही. आणि तरी ते इंटरनेटवर निघालं.

सूनबाईला कंपनीचा फोन आला की शेवटचा भाग फुटला. तिने तो शोधून लावला. आधी जग सरकल्याचा आवाज आला आणि मग 'चांगलंच असेल.' तिने माझ्यापुढे येऊन फोनसाठी हात पसरला. कंपनीने म्हणे खास माणसं नेमलीत, ती दिवसभर बसून फुटलेले भाग जिथे दिसतील तिथून काढून टाकतात, वकिलाच्या नोटिसा पाठवतात. पण गोधडी ट्रंकेत दाबताना एक टोक आत घालावं तर दुसरं बाहेर येतं ना, तसं चाललंय. इथून काढलं की तिथे निघतं. आणि धाकटे, खाली लोकांनी काय काय लिहिलंय म्हणून सांगू! मालिकेपेक्षा आजी बरी. एकाने लिहिलंय, आजीचा 'हं' आला की मीही पुढे जातो. एकीने लिहिलंय, माझी आजी गेली, ही तशीच बोलते. मी सूनबाईला सगळं वाचून दाखवायला लावलं. ती वाचत होती, हसत होती आणि रडत होती (हुंदका), आणि मी मेली खुशीत बसले होते. लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही, खोटं कशाला लिहू.

मग बातमी आली की चौकशीला माणूस येतोय. कंपनी पाठवते त्या प्रत्येक भागात एक बारीक नंबर असतो, कुणाला पाठवलेली प्रत ते ओळखायला. माझ्या जगाच्या पुढे आलेल्या कानाने तो अर्धा झाकला होता (जगाचे उपकार). उरलेल्या अर्ध्यावरून तीनच घरं निघत होती, ओळी लिहिणारीचं, तपासणाऱ्याचं आणि चित्रावर चिकटवणाऱ्याचं. दोन घरं बघून झालेली. राहिलं आमचं, आणि ताडून बघायला तो आवाज. सूनबाईने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "आई, तो असेपर्यंत एक शब्द बोलू नका. माझ्यासाठी." मी म्हटलं, त्यात काय एवढं. ती उठून मफलर शोधायला लागली.

माणूस आला. किडकिडीत, सभ्य, बूट दारात नीट जोडून ठेवणारा, गळ्यात हेडफोन. मी मनात त्याचं नाव कानवाला ठेवलं. मी गळ्याला मफलर गुंडाळून कोपऱ्यातल्या खुर्चीत. घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय, असं सूनबाईने सांगितलं. "जपा हं, आजी," असं तो इतक्या मायेने म्हणाला की मला धन्यवादही देता येईनात याने माझा जीव तळमळला. त्याने लॅपटॉप टेबलावर ठेवला, तोंड नेमकं माझ्याकडे, आणि भाग लावला.

स्वतःचा आवाज दुसऱ्यासमोर ऐकायचा आणि ओळख दाखवायची नाही, हे किती अवघड आहे तुला सांगते! पहिली ओळ आली, आतून 'हं' आला. दुसरी आली, 'हं'. "ही बाई दर ओळीला हं का करते, तेच कळत नाही," कानवाला म्हणाला. सूनबाईने घाईने चहाची कपबशी त्याच्यापुढे सरकवली. पुढे नायिका विष घातलेला पेला उचलते, तिथे माझा आवाज, "अगं मेले, हुंगून तरी बघ!" कानवाला हसला. म्हणाला, इथे मला दर वेळी हसू येतं. मला इतका आनंद झाला की मी मफलर तोंडात कोंबला. मग म्हणाला, बाई ऐंशीच्या पुढची असावी, अंगाने चांगली आडवी, आणि तापट. ऐंशीच्या पुढची! आडवी! तरी मी बोलले नाही, धाकटे. तुझी शपथ. मी डोळे मिटून घेतले, म्हटलं ओळच दिसली नाही तर 'हं'ही येणार नाही.

पण कान कसे मिटणार? शेवट जवळ आला ते वाजणाऱ्या गाण्यावरून कळलं. नायिका समुद्रकाठी पाठमोरी उभी असते आणि कुणी काहीच बोलत नाही. त्या ठिकाणी सूनबाईने कंसात एक ओळ लिहिलीय, सगळ्या मालिकेतली तिची सगळ्यात आवडती. ती बरोबर बसायला तिने माझ्याकडून कितीतरी वेळा 'हं' म्हणून घेतला होता. मला वाटलं एकदाच बघावी. डोळे उघडले. (मागून वाळूत पावलं वाजतात.) मी वाचली, शेवटपर्यंत, माझ्या नेहमीच्या गतीने.

'हं,' लॅपटॉपमधली मी म्हणाली. 'हं,' खुर्चीतली मी म्हणाले. दोन्ही एकदम, जराही पुढेमागे नाही.

(शांतता.)

कानवाल्याने चित्र थांबवलं. सूनबाईने डोळ्यांना पदर लावला. त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली आणि अगदी हळू विचारलं, "आजी, परत एकदा म्हणता?"

मग मी तोंडातला मफलर काढला आणि त्याला एक गोष्ट सांगितली. ती इथे लिहीत नाही, पान संपत आलंय. त्याने ती नीट ऐकून घेतली, गार झालेला चहा प्यायला, बूट घातले आणि गेला. सूनबाईचं काम अजून तरी गेलेलं नाही. पाळणाघरवालीचा डोळा छान झालाय. तेव्हा काळजी करू नकोस, गुडघ्याला ऊब दे, आणि मुलांना माझ्याकडून गालावर एकेक पापा.

तुझी
थोरली

ता. क. लोकरीचे पायमोजे विणून ठेवलेत, एक जरा मोठा झालाय, तो दुखऱ्या पायात घाल.

ता. क. पुन्हा. ती गोष्ट लिहायची राहिली. मी त्याला म्हटलं, साहेब, तो आवाज माझा नाही, माझ्या धाकट्या बहिणीचा आहे. आम्ही दोघी एकाच पाटीवर शिकलो, वाचून झालं की दोघीही 'हं' करतो, आवाज तर असा सारखा की आमची आईसुद्धा फसायची. ती राहायला आली होती, तिनेच सुनेच्या आणि माझ्या नकळत भरून घेतलं. तो विचारात पडला. सूनबाईकडे बोट करून म्हणाला, घरातल्या माणसाने फोडलं असेल तर ह्यांचं काम जाणार, पण पाहुण्याने चोरून केलं असेल तर ह्यांनाच फसवलं असं होतं, मग नुसती ताकीद देऊन भागतं. मात्र बहिणीच्या तोंडून ऐकल्याशिवाय चालायचं नाही. तेव्हा येत्या गुरुवारी तो तुला फोन करणार आहे. तुझा नंबर मीच दिला. तू चोर आहेस एवढं कबूल कर, बाकी काही नाही. शेवटी 'हं' म्हणायला विसरू नकोस.

ता. क. तिसऱ्यांदा. सूनबाईला हे पसंत नाही. ती म्हणते, मावशींना यात ओढायचं नाही. मी रडून ओरडून गुरुवारपर्यंत तिला थोपवलंय. तू नाही म्हणालीस तर ती स्वतः त्याला खरं सांगणार आणि काम सोडणार आहे. कालपासून गुणगुणणं बंद आहे.

ता. क. हे शेवटचं. त्याने पुष्कळ उलटसुलट विचारलं, त्यामुळे मला पुष्कळ सांगावं लागलं, आपलं जुळायला हवं म्हणून लिहिते. तू अचानक आलीस, कुणाला न कळवता. खिडकीजवळच्या पलंगावर झोपलीस. चहा गोड झालाय म्हणून रोज कुरकुर केलीस आणि रोज दोनदा प्यायलीस. आईच्या शिवणाच्या मशीनवरून आपलं जे बिनसलं आणि तुझं येणं थांबलं, त्यावर एका संध्याकाळी तूच आधी बोललीस (का मी, ते मी साहेबाला नक्की सांगितलेलं नाही), आणि ते मिटलं. मग आपण शेजारी बसून मालिका पाहिली (टीव्हीवर लागलेली, चोरलेली नव्हे). जाताना तू रडलीस, मी नाही. हे सगळं सांगताना मला कुठेही अडखळायला झालं नाही, सूनबाईही चकित झाली. आता तुला हे सगळं पाठ व्हायला हवं, आणि आपली पाठांतराची बोंब तुला ठाऊकच आहे. न येता एवढं लक्षात राहणार नसेल, तर गुरुवारच्या आत येऊन जा.