टेंभुर्णीला न गेलेली चादर

अप्पा, गेल्या आठवड्यात मी अंदमानहून परत आले. आता तिथल्या खेपा मोजायचं मी सोडून दिलंय. तुम्ही असतात तर चहाची बशी खाली ठेवून विचारलं असतं, "तितं काय ठेवलंय एवढं?" मग गिऱ्हाइकांना सांगते तेच तुम्हालाही सांगितलं असतं. होडीला खाली काच असते, तिच्यातून समुद्राच्या तळाचं रंगीत प्रवाळ दिसतं. एका बेटावर पडक्या साहेबी बंगल्यांतून हरणं फिरतात आणि हातातलं खातात. लोक सकाळी तुरुंगात डोळे पुसतात, दुपारी समुद्रात पाय बुडवतात आणि संध्याकाळी शिंपल्यांच्या माळांवर घासाघीस करतात. मी त्यांना हसत नाही. सोलापुरातल्या निवृत्त माणसांना ही बेटं दाखवूनच माझं घर चालतं.

पण तुम्हाला सांगायचंय ते आणीबाणी उठली त्या वर्षाचं. मी सातवीत होते. वर्गात बाई काळ्या पाण्याच्या शिक्षेबद्दल शिकवत होत्या आणि मी हात वर केला. "माझे पणजोबा गेले होते तिकडे." आजी एकदा तांदूळ निवडताना एवढंच म्हणाली होती, की तिचे सासरे काळ्या पाण्याला गेले ते गेलेच. आपल्याकडे अंदमान म्हटलं की देशभक्त, दुसरं काही कुणाच्या मनातच येत नाही. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मुख्याध्यापकांना सांगितलं आणि पंधरा ऑगस्टला तुमचा सत्कार करायचं ठरलं. तुम्हाला मी फक्त "पालकांना बोलावलंय" एवढंच सांगितलं. खरं कारण कळलं असतं तर तुम्ही काही विचारलं असतं, आणि मला काही विचारलेलं नको होतं.

तुम्ही आलात ते धुतलेला सदरा घालून. कानामागे मात्र भवानी पेठेतल्या कारखान्यातले कापसाचे तंतू तसेच होते, आणि मला त्यांची लाज वाटली. मुख्याध्यापक लाऊडस्पीकरवर म्हणताहेत, "नरकयातना भोगलेल्या थोर देशभक्ताचे नातू..." तुम्ही आधी मागे वळून बघता, दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय असं वाटून. मग माझ्याकडे बघता. तुमच्या खांद्यावर चादर पडते, कदाचित तुमच्याच मागावर विणलेली. तुम्ही लाऊडस्पीकरजवळ जाता.

"माझा आजा देशासाठी गेला न्हवता," तुम्ही म्हणता. "केमच्या ठेसनावरनं एक हरकारा टपालाची पिशवी घेऊन पायी निघाला हुता. आज्यानं त्याला वाटंत मारलं. पैशासाठी. पिशवीत नुसती पत्रं निघाली. त्या हरकाऱ्याची पोरं उघड्यावर पडली. चादर देताय तर न्हेतो मी, पर ती टेंभुर्णीला जाईल, त्यांच्या घरी."

मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं. तुम्ही खाली उतरून सरळ फाटकाबाहेर गेलात. मुली माझ्याभोवती जमल्या, आणि मी म्हणाले, "माझे वडील पिऊन आले होते."

तुम्ही, अप्पा. कारखान्यातले लोक पगाराच्या दिवशी गुत्त्याकडे वळले की सायकल हातात धरून दुसऱ्या रस्त्याने येणारे तुम्ही. माझं बोलणं दोन दिवसांत शाळेतून पेठेत आणि पेठेतून कारखान्यात पोचलं. मागावरचा तुमचा शेजारी दारात येऊन "काय हो, कुठली घेता?" म्हणून हसून गेला, तेव्हा मी आत भाकरी थापत होते. तुम्ही जेवायला बसलात आणि मी थापलेली भाकरी नेहमीसारखी खाल्लीत. त्यापेक्षा मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं.

त्या रविवारी तुम्ही मला एसटीत बसवून टेंभुर्णीला नेलंत. एसटीत शेवटी एकदाच बोललात. "माज्याबद्दल काय बी बोल. मी हाय, मी बघून घीन. पर ज्यो मेला त्येच्याबद्दल जपून बोलावं. त्येला सांगाय येत न्हाय."

हरकाऱ्याची सून म्हातारी झाली होती. तिने चादर घेतली, हुंगून बघितली आणि बाजेवर ठेवली. तिथे आधीच्या वर्षांच्या चादरींची चळत होती. तेव्हा मला कळलं की दर श्रावणात तुम्ही "कामानं" कुठे जात होतात. "लई वर्सं झाली की आता, कशाला येतोस?" ती म्हणाली. तुम्ही म्हणालात, "आमच्यातलं कुणीतरी आलं पायजे." म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. "मग तुज्या मागं ही येईल, व्हय ना गं?" मी मान डोलावली.

तुमच्यामागे मी एकदा गेले. पुढच्या श्रावणासाठीही चादर घेतली, ती अजून कपाटात आहे, घडी न मोडलेली.

अंदमानचा इतिहास मी धंद्यासाठी वाचला. तिकडे पाठवलेल्यांत राजकैदी थोडेच, बहुतेक तुमच्या आज्यासारखेच. त्यांनीच जंगल तोडलं, रस्ते बांधले, आणि सुटल्यावर कितीतरी जण तिथेच राहिले, संसार केले. आमच्या बसचा ड्रायव्हर त्यांच्यापैकीच एकाचा पणतू आहे. गियर टाकता टाकता तो प्रवाशांना सांगतो, "हमारे परदादा खून करके आए थे." त्याला त्याचं काहीच वाटत नाही. आणि मी त्याच्या मागे माईक घेऊन उभी असते, गप्प.

कारण तुरुंगातल्या कोठडीसमोर मी एक वाक्य म्हणते. "माझे पणजोबा इथे होते." त्याच्यापुढे काही बोलत नाही. पुढचं लोक आपणहून समजून घेतात, आणि परतल्यावर चार घरी माझं नाव सांगतात. शाळेत निदान मला खरं माहीत नव्हतं.

या वेळच्या गटात एक म्हातारे गृहस्थ होते, बार्शीकडचे. सबंध नोकरी त्यांनी खेडोपाडी सायकलवरून टपाल वाटलं होतं. कोठडीसमोर माझं वाक्य ऐकलं, काठी भिंतीला टेकवली आणि गुडघे धरत धरत माझ्यापुढे वाकले. "पोरी, तुझ्या घराण्यानं लई सोसलं," म्हणाले.

हे पत्र मी त्या कपाटातल्या चादरीच्या घडीत ठेवणार आहे. पुढची सहल लागली आहे. ते वाक्य या वेळी म्हणणार नाही असं लिहायला घेतलं होतं, पण तुम्हाला खोटं लिहवत नाही.

ते वाकले तेव्हा मी पाय मागे घेतले नाहीत, अप्पा. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आशीर्वाद दिल्यासारखा.