पंख्यावरचं नाव

धुळे, १२ मार्च १९६८

आज गावच्या धर्मादाय निधीची बैठक झाली. साक्रीकडच्या डोंगरातल्या मुलींच्या वसतिगृहासाठी ते चालवणाऱ्या अक्कांनी एका स्वयंपाकिणीचा पगार मागितला होता. मंजूर झाला छताचा पंखा. तिन्ही पात्यांवर अध्यक्ष शेठजींच्या वडिलांचं नाव रंगवलेलं.

"आमना गावमा वीज नही शे, भाऊ," अक्का म्हणाल्या.

"येईल की! पण अक्का, स्वयंपाकिणीवर वडिलांचं नाव कुठं घालू?" शेठजी म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो का? हसलो.

ठराव मीच लिहिला. 'सर्वानुमते' हा शब्दही माझाच.

पंखा नाकारला तर पुढच्या वर्षी अर्जच घेणार नाहीत, हे अक्कांना ठाऊक. त्यांना स्टँडवर सोडायला गेलो, तेव्हा एसटीत त्यांनी पाती मांडीवर घेतली. "आते भाकरी मीच करसू," म्हणाल्या. मग शिकवणार कोण? तिथं शिकवणाऱ्या त्याच एकट्या.

पुन्हा ती पातीच डोळ्यांपुढे येतात. वीज नाही, म्हणजे पंखा फिरणार नाही. नाव अगदी स्वच्छ वाचता येईल. मुलींना वाचायला कुणी शिकवलं, तर.