उजव्या बाहीबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय तक्रार निवारण अधिकारी,
तक्रार निवारण कार्यालय, दुसरा मजला.

विषय: प्रसूतीच्या वेळी ओढाताण करून बाळाच्या उजव्या हाताच्या नसा तोडल्याबाबत, त्याचे खापर आईने शिवलेल्या बाहीवर फोडल्याबाबत आणि नुकसानभरपाई मिळणेबाबत.

संदर्भ: १) रुग्णालयाच्या चौकशी समितीचा अहवाल, जावक क्रमांक ४१७.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज, ज्यांची साधी पोचही मिळालेली नाही.

महोदय,

१. अर्जदार ही पेशाने शिंपीण असून बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचे आठ बाय दहाचे दुकान आहे. ज्या रुग्णालयाविरुद्ध हा अर्ज आहे, त्याच रुग्णालयाचे गाऊन आणि डॉक्टरांचे पांढरे कोट गेली सात वर्षे ती शिवून देते. म्हणजे ज्यांनी तिच्या मुलीचा हात घालवला, त्यांच्या अंगावरचा कपडा तिच्याच हातचा आहे. ही गोष्ट तिला दिवसातून दहा वेळा आठवते आणि दहाही वेळा कात्री बाजूला ठेवावी लागते. हे धमकी म्हणून लिहिलेले नाही, माहितीस्तव सादर.

२. एक वर्ष अकरा महिन्यांपूर्वी अर्जदार सदर रुग्णालयात बाळंतपणासाठी दाखल झाली. गरोदरपणात तिला साखर होती, बाळ मोठे होते, आणि या दोन्ही गोष्टी तिने डॉक्टरांना दोनदा सांगितल्या. सिझर करावे लागेल का, असेही विचारले. त्यावर डॉक्टर केसपेपरवरची नजर न उचलता म्हणाले, "अहो बाई, टाके घालणं तुमचं काम, डिलिव्हरी आमचं." अर्जदार गप्प बसली. तो गप्प बसण्याचा शेवटचा प्रसंग, असे तिने नंतर ठरवले आहे.

३. बाळाचे डोके बाहेर आले आणि खांदा अडकला. तेथे हजर असलेल्या सिस्टर म्हणाल्या, "सर, मान ओढू नका. यांचे पाय वर घेऊ या, खांदा सुटेल." डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, "मला शिकवू नका" म्हणाले आणि ओढले. अर्जदाराला कळा येत होत्या, बहिरेपणा आलेला नव्हता. तिने प्रत्येक शब्द ऐकला आहे. पंधरा दिवसांत सिस्टरांची बदली कपड्यांच्या कोठीत झाली. तेथे त्या आता गाऊन मोजून घेतात आणि ते गाऊन घेऊन अर्जदारच जाते. ज्याने कोणी ही बदली केली त्याचे अर्जदार आभार मानते, कारण एरवी ही भेट झाली नसती. सिस्टरांचा लेखी जबाब सोबत जोडला आहे.

४. मुलीचे वजन जन्मतः चार किलो तीनशे ग्रॅम भरले, म्हणून घरात तिला ढब्बू म्हणतात. ढब्बूचा उजवा हात खांद्यापासून लोंबतो. कोपर आत वळते आणि तळहात मागे जातो, पाठीमागे हात करून कोणी गुपचूप चिरीमिरी घ्यावी तसा. (आपल्या कार्यालयाकडे निर्देश नाही.) रुग्णालयाने सात महिने "मालिश करा, सुटेल" एवढेच सांगितले. शेवटी अर्जदाराने उसनवारी करून तिला परगावच्या नसांच्या डॉक्टरांना दाखवले. ते म्हणाले, नसा मानेजवळच तुटल्या आहेत, पहिल्या काही महिन्यांत आणली असती तर शस्त्रक्रियेने बरेच साधले असते. आता जे होईल ते थोडेच. अर्जदार सध्या मुलीच्या फ्रॉकची उजवी बाही डावीपेक्षा अर्धे बोट आखूड कापते. हात वाढत नाही, महोदय.

५. अर्जदाराने तक्रार केली. रुग्णालयाने हात वर केले. तिच्या मुलीला तेवढेही जमत नाही. तेरा महिन्यांनी समितीचा अहवाल आला, त्यातले वाक्य असे: "बाळास घरी घट्ट बाहीचा अंगरखा घालताना आईकडून हात ओढला गेल्याची शक्यता नाकारता येत नाही."

चोर तो चोर, वर शिरजोर! सुतावरून स्वर्ग गाठणारे पुष्कळ पाहिले, पण येथे सूतसुद्धा नव्हते. ढब्बूची सातही झबली बिनबाह्यांची होती, बाजूला नाडी. ज्या शिंपिणीने आयुष्यात हजारभर बाह्या लावल्या ती तान्ह्या बाळाला घट्ट बाही शिवेल, हे तीन डॉक्टरांनी तिला न बोलावता, न विचारता ठरवले. आणि समितीला शिवणातले कळत नसेल तर अर्जदार समजावून सांगते: बाही धरून ओढली तर काखेत उसवते. गळा धरून ओढला तर खांद्याच्या शिवणीत, म्हणजे जेथे खांदा आणि मान भेटते तेथे उसवते. परगावचे डॉक्टरही तेच म्हणाले, त्यांचे शब्द फक्त मोठे होते.

६. हा अहवाल घरी आला त्या दिवशी सासूबाईंनी तो चष्मा लावून दोनदा वाचला. "मी म्हणतच होते, हिचा हात जड आहे," असे त्या जाऊबाईंना म्हणाल्या. तेव्हापासून मुलीला कपडे ढब्बूचे बाबाच घालतात. अर्जदाराला घालू देत नाहीत. अर्जदाराने स्वतःच्या मुलीला तीन महिन्यांत एकदाही झगा चढवलेला नाही. उद्या ढब्बू वाचायला शिकेल. तेव्हा तिच्या हाती सरकारी शिक्क्याचा हा कागद येईल आणि त्यात लिहिलेले असेल की, हात आईने मोडला. हे वाक्य पुसून घेतल्याशिवाय अर्जदार मरणार नाही, असा तिचा निश्चय आहे.

७. समितीने संमतीपत्राचाही आधार घेतला आहे. कळा चालू असताना अर्जदाराच्या हातात पेन दिले आणि तिने सही केली, हे खरे. त्यावर समिती म्हणते: "मजकूर वाचून सही करण्याची जबाबदारी सही करणाऱ्याची असते." हा नियम अर्जदारास पूर्णपणे मान्य आहे. पुढील परिच्छेद त्याच नियमाने वाचावा.

८. रुग्णालयाच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनासाठी सर्व डॉक्टरांना नवे कोट करायचे ठरले आणि काम नेहमीप्रमाणे अर्जदाराकडे आले. मागील महिन्याच्या बावीस तारखेस सदर डॉक्टर माप द्यायला दुकानात आले. त्यांनी अर्जदारास ओळखले नाही. ओळखणार कसे? तेव्हा त्यांनी केसपेपर पाहिला होता, तिचा चेहरा पाहिलाच नव्हता. अर्जदाराने टेप त्यांच्या गळ्याभोवती घातला. त्या क्षणी तिच्या मनात काय आले ते अर्जात लिहिण्यासारखे नाही. गळा साडेपंधरा. मग ती म्हणाली, "हात वर करा." त्यांनी केले. दोन्ही.

खाली चिंध्यांत ढब्बू डाव्या हाताने रिळे रचत होती. डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. वाकले, तिचा उजवा हात उचलला, सोडला. तो पडला. मग आरशाकडे वळत, काजे-बटणे करणाऱ्या मावशींच्या देखत, ते स्पष्ट म्हणाले, "ह्या पोरीला जन्मताना मान धरून ओढलंय. कुठल्या गाढवाने केली ही डिलिव्हरी?"

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण, फक्त हात आमचा होता. अर्जदाराने मापाच्या वहीत शेऱ्याच्या रकान्यात त्यांचे वाक्य गाढवासकट उतरवून घेतले. दुकानाच्या रिवाजाप्रमाणे मापाखाली गिऱ्हाइकाची सही घेतात, नाहीतर पोट सुटले की दोष शिंप्याचा. वही पुढे केली. डॉक्टरांनी फोनमध्ये बघत बघत, न वाचता, सही ठोकली. खाली तारीखही घातली.

९. तरी विनंती की,
(अ) अहवालातील बाहीचे वाक्य काढून त्या जागी डॉक्टरांचे वरील सहीचे वाक्य घालण्यात यावे. गाढव हा शब्द ठेवावा की गाळावा, हे आपण ठरवावे.
(ब) मुलीचे उपचार आणि पुढचे आयुष्य यांसाठी नुकसानभरपाई मिळावी. आकडा वकिलांनी वेगळ्या कागदावर घातला आहे. अर्जदाराला हाताची किंमत करता येत नाही.
(क) सुनावणी तक्रारीच्या दोन वर्षांच्या मुदतीच्या आत, म्हणजे मुलीला दोन वर्षे पूर्ण होण्याआधी ठेवावी. तेरा महिने कोणी आणि का खाल्ले, तेही विचारावे.
(ड) सुनावणीस डॉक्टरांनी नवा कोट घालून यावे आणि त्याची पाचही बटणे सर्वांसमोर फक्त डाव्या हाताने लावून दाखवावीत. सवड दिली जाईल. अर्जदाराची मुलगी हे काम जन्मभर करणार आहे.

१०. वर सगळीकडे 'अर्जदार' लिहिले, कारण आपल्या जिन्याखाली बसणारे टंकलेखक म्हणाले की असेच लिहितात. त्यांनी तीन शिव्याही काढून टाकल्या. त्या सुनावणीत तोंडी सादर करीन. हे शेवटचे मात्र मी सांगते, आणि मी म्हणूनच लिहा असे त्यांना बजावले आहे: मला दया नको आणि माफीही नको. डॉक्टर घरी येऊन पाया पडले तरी मी दार उघडणार नाही. मला ते वाक्य खोडलेलं पाहिजे, लाल शाईने, त्यांच्याच हाताने. आणि त्या दिवशी घरी जाऊन माझ्या मुलीला मी फ्रॉक घालणार आहे, सासूबाईंच्या समोर.

न्याय मिळेपर्यंत आपल्या जिन्यावर रोज येणारी,
आपली नम्र,
(सही)
अर्जदार, ढब्बूची आई

दिनांक: मुलीच्या दुसऱ्या वाढदिवसाच्या एकवीस दिवस आधी

सहपत्रे:
१. सिस्टरांचा लेखी जबाब.
२. नसांच्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र.
३. झबली, नग सात, बिनबाह्यांची.
४. मापाच्या वहीचे पान, डॉक्टरांच्या सहीसह. (छायाप्रत. मूळ पान मी कोणाच्या हाती देणार नाही.)
५. डॉक्टरांच्या नव्या कोटाची उजवी बाही, साडेचोवीस इंच. कोट तयार आहे, उजवा मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, शिवून बंद केला आहे. निकालानंतर बाही परत मिळावी. ही पुन्हा जोडता येते.