चौथा कोन

३ डिसेंबर १९९६
पोचले एकदाची गडावर! चढताना जीव मेटाकुटीला आला होता, पण माथ्यावरचा मोजणीचा दगड दिसला आणि शीण पळाला. गुडघाभर उंच, कातळात घट्ट रोवलेला, मधोमध एक छिद्र. इथून उत्तरेला वारणानगरच्या साखर कारखान्याची चिमणी दिसते, पूर्वेला शिरोलीच्या कारखान्यांचा धूर. चार डोंगरांचे कोन घ्यायचे आहेत. ऑफिसची दुर्बीण जुनी, सगळं उलटं दाखवते. माझा स्वयंपाक करणाऱ्या बयाबाईंना चिमणी दाखवली. "अगं बया, ही तर वटवागळावानी लोंबतीया की!" म्हणून त्या पोट धरून हसल्या.

माझ्याआधीच्या पंचाक्षरीसाहेबांच्या कच्च्या नोंदी मिळाल्यात. त्यात तीनच कोन आहेत. चौथा, बोडक्या टेकडीचा, रकाना कोरा. पाच वर्षांपूर्वी ते या कामावरून परतलेच नाहीत. ऑफिसात पैज लागलीय, चौथ्या दिवशी मी पळून येईन म्हणून. पहिलीच नोकरी, त्यात बाई. बघू कोण पळतंय.

५ डिसेंबर
तीन कोन झाले. चौथ्यासाठी माझे मदतनीस हंबीरराव झेंडी घेऊन बोडक्या टेकडीवर गेले. दुर्बिणीत दिसले, खाली डोकं वर पाय. शेजारी आणखी एक माणूस, काखेत लाल वही. तो मात्र सरळ.

चहा पिताना डोक्यात प्रकाश पडला. या दुर्बिणीत सरळ दिसतो, म्हणजे तिथे तो उलटा उभा आहे.

हंबीरराव परतल्यावर म्हणाले, टेकडीवर चिटपाखरूही नव्हतं. बयाबाईंचं हसू मावळलं. "लाल वही? मग ते तुझ्या आधीचं साहेबच हाईत. तिकडं दुर्बीण लावू नगंस, पोरी. त्यांनी बी असंच कुणाला तरी बघितलं हुतं."

आमच्या आबांनी छप्पन साली घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले. भुतंही त्यांच्याबरोबरच गेली. मी लावणारच.

६ डिसेंबर
महापरिनिर्वाण दिन. दगडापाशी मेणबत्ती लावली, वंदन केलं, कामाला लागले. हंबीरराव झेंडी टाकून घरी गेले. जाऊ देत, मला टेकडीचं टोक पुरे आहे.

तो आता टेकडीवर नाही. खालच्या माळावर. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर माळ रिकामा—

अंश लिहिले. २१८. आकडा दोनदा ताडून पाहिला.

७ डिसेंबर, सकाळ
बयाबाई हाताला धरून ओढत होत्या. नाही गेले. भीती वाटतेय, लिहूनच ठेवते. पण रकाना कोरा राहिला तर पुढची पन्नास वर्षं म्हणतील, बाई होती ना—

तो तटावर आलाय. वही उघडून दाखवतोय. चौथा रकाना कोराच—

मिनिटं १४.

दुपार
दुर्बिणीत नुसता काळोख. तो फार जवळ—

दुर्बिणीवरून डोळा काढला. चिमणी अजून खालीच लोंबतेय. दुर्बीण नसताना. बयाबाई पायवाटेनं चालल्यात, डोकं खाली, पाय वर—

मेणबत्ती सुटली. आभाळात पडली.

दगडाला मिठी मारलीय. तो हलत नाही. मीही नाही. आकडे अजून दिसतात.

साहेब, तुमची वही बाजूला घ्या. मी लिहितेय—

चौथा कोन. २१८ अंश, १४ मिनिटं,